काकांची जुनी बेसबॉल कार्डं – कुठली विकायची, कुठली ठेवायची? (सांगली)

विश्रामबागकर :

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे, इथं कुणाला यातलं माहिती असेल का नाही शंकाच आहे, पण विचारून बघतो.

माझे थोरले काका १९७० ला अमेरिकेला गेले. वालचंदला मेकॅनिकल केलेलं, तिकडं न्यूजर्सीत कारखान्यात नोकरी केली आणि २००४ ला रिटायर होऊन सांगलीला परत आले. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. मूलबाळ नाही, काकू आमच्याकडंच असतात, वय ७४. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय आणि त्यांना कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, माझ्याकडून पण नाही. त्यांनीच परवा कपाटातनं काकांचा खोका काढून माझ्यासमोर ठेवला, म्हणाल्या यातलं विकण्यासारखं काय आहे ते बघ.

काकांना बेसबॉलची कार्डं जमवायचा नाद होता. ज्यांनी बघितली नसतील त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या पत्त्याएवढं जाड कागदाचं कार्ड, पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याची कामगिरी छापलेली. तिकडं बबलगमच्या पुड्यात यायची. आपल्या लहानपणी बिग फनमध्ये क्रिकेटवाल्यांचे फोटो यायचे तसंच. सुरुवातीला कारखान्यातली माणसं डबा खाताना सगळी बेसबॉलवर बोलायची आणि काकांना काही कळायचं नाही, म्हणून एका म्हाताऱ्या फोरमननं त्यांना मूठभर कार्डं दिली होती आणि मागचे आकडे वाचून ते खेळ शिकले, असं ते नेहमी सांगायचे.

आता माल काय आहे ते. बुटाच्या एका खोक्यात दीडेकशे जुनी कार्डं आहेत, डांबरगोळ्यांचा वास येतो अजून. त्यात १९५४ सालचं हँक ऐरन, १९५५ चं रॉबर्टो क्लेमेंटे, १९५६ चं मिकी मँटल (याला मधोमध आडवी घडी आहे), १९६८ चं नोलन रायन, १९७३ चं माइक श्मिट, १९७५ ची जॉर्ज ब्रेट दोन, १९८० चं रिकी हेंडरसन, हे एवढे नेटवर शोधून नावाजलेले वाटले. शिवाय दोन मोठे कार्टन गच्च भरलेत, त्यावर १९८८ ते १९९१ असं लिहिलंय, त्यातली निम्मी पाकिटं तर फोडलेली पण नाहीत. आणि एक होनस वॅगनर म्हणून आहे, अगदी जुनाट. पोरानं मोबाईलवर बघितलं तर हे कार्ड ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलंय म्हणे. घरात दोन दिवस कुणाला झोप नाही.

कोल्हापूरचे एक जुन्या वस्तू घेणारे येऊन बघून गेले. सगळं मिळून चाळीस हजार म्हणाले, रविवारपर्यंत सांगा म्हणाले. मला दोनच गोष्टी पाहिजेत. आत्ता विकायची कुठली आणि पुढं भाव येईल म्हणून ठेवायची कुठली. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी होतं, खोका तेव्हा नशिबानं माळ्यावर होता, त्यामुळं सगळंच ठेवा असं कुणी म्हणालं तर त्याचीही भीती आहे.

तासगाव_बेदाणा :

दादा कार्डातलं मला काही कळत नाही पण विकण्यातलं कळतं, आमचं घराणंच बेदाण्यात आहे. पहिली गोष्ट, त्या कोल्हापूरवाल्यांना रविवारी फोन करू नका. "सगळं मिळून" असा भाव जो करतो ना, तो तुमच्या चांगल्या मालाला हलक्या मालाचा भाव देतो. आमच्याकडं शेतकरी शेडवरनं माल आणतो, एकाच बागेतला एकाच रॅकवर वाळवलेला असला तरी हिरवा लांब वेगळा, पिवळा वेगळा, काळपट वेगळा, फुटका आणि काडीचा वेगळा. निवडून वेगवेगळे बॉक्स केले तरच सौद्यात प्रत्येकाला त्याचा भाव. मिक्स ठेवलं तर घेणारा बॉक्समध्ये हात घालून सगळ्यात वाईट दाणा वर काढतो, तोच सगळ्यांना दाखवतो आणि त्यावरच बोली बोलतो. माझे वडील म्हणायचे निवडणाऱ्या बाईची हजेरी वाचवली की सौद्यात दुप्पट जाते, आणि ते मी दर वर्षी डोळ्यांनी बघतोय.

दुसरं ठेवण्याबद्दल. कोल्ड स्टोरेजला माल ठेवताना आम्ही चांगलाच ठेवतो. हलका माल ठेवला तर भाडं चालूच, वजनात तूट येते, आणि भाव वाढला तरी त्याचा वाढत नाही. वाढतो तो एक नंबरचा. तुमच्या त्या दोन कार्टनचं काय ते जाणकार सांगतील, पण "फोडलेली पण नाहीत" म्हणून ती भारी असं धरून चालू नका.

सातारची_न्यूजर्सीत :

अहो विश्रामबागकर, थांबा, काहीच देऊ नका त्या माणसाला. मी मूळची साताऱ्याची, राजवाड्याजवळची, आता वीस वर्षं न्यूजर्सीत आहे. माझ्या मोठ्या मुलाला या कार्डांचं वेड लागलं आणि त्याच्याबरोबर दर महिन्याला कार्ड शोला जाऊन जाऊन मला पण लागलं. लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी वॅगनर, म्हणजे तुमची झोप परत येईल. ते महाग कार्ड टी२०६ नावाच्या सेटमधलं, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटात यायचं. वॅगनरचं छापणं लवकर थांबवलं गेलं, म्हणून आज अगदी मोजकी शिल्लक आहेत. एक २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं हे खरंय. पण त्याच्या नकला इतक्या छापल्या गेल्यात की इथं जवळजवळ प्रत्येक जुन्या खोक्यात एक निघते. पट्टी घ्या आणि मोजा. खरं टी२०६ लहानसं असतं, रुंदी दीड इंचाला थोडी कमी आणि उंची दोन इंच आणि वर पाच-अष्टमांश. तुमचं अडीच बाय साडेतीन भरलं तर ती नक्कल आहे. मापात बसलं तरी लगेच आनंद करू नका, तेव्हा फोटो पाठवा.

आता कार्टन. तासगावचे दादा म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. ८० च्या दशकात बातम्या यायला लागल्या की अमुक माणसाचं लहानपणीचं कार्ड हजारो डॉलरला गेलं, मग सगळी अमेरिका कार्डं विकत घेऊन कपाटात ठेवायला लागली, पोरांच्या कॉलेजला होतील म्हणून. कंपन्यांनी पण छापायला हात आखडला नाही. साधारण १९८७ ते १९९३ च्या त्या मालाला इथं सगळे जंक वॅक्सच म्हणतात, वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. जुनी कार्डं महाग झाली कारण पोरांनी ती सायकलच्या चाकात खुपसली, आयांनी साफसफाईत फेकून दिली, आणि उरली ती थोडी. ८८ ते ९१ ची कुणी फेकलीच नाहीत. त्यामुळं आज कार्टनच्या कार्टन पडून आहेत आणि भारतातून इथं पाठवायचा खर्च त्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. फक्त एक करा, त्यात १९८९ चं अपर डेक कंपनीचं केन ग्रिफी ज्युनियर, एक नंबरचं कार्ड, असेल तर बाजूला काढा. ते पण भरपूर आहे, पण कोपरे धारदार असतील तर त्याला कायम गिऱ्हाईक असतं. बाकीची गल्लीतल्या पोरांना वाटा, खेळू देत.

आणि याची उलटी गोष्ट पण सांगते, कारण ती माझ्या फार आवडीची आहे. १९५२ साली टॉप्स कंपनीनं सेटचा शेवटचा भाग उशिरा काढला, तोवर सीझन संपत आला होता, पोरं फुटबॉलकडं वळलेली, माल पडून राहिला. कंपनीच्या साय बर्गर यांनी तो विकायचा खूप प्रयत्न केला, शेवटी १९६० मध्ये खोकीच्या खोकी नावेत भरून आमच्याच न्यूजर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन समुद्रात टाकली, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. त्याच भागात मिकी मँटलचं कार्ड होतं. समुद्रात न गेलेलं, जपून राहिलेलं तसलं एक कार्ड २०२२ मध्ये हेरिटेज नावाच्या लिलाव कंपनीकडं १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, रुपयात शंभर कोटीच्या आसपास. म्हणजे नुसतं जुनं असून चालत नाही, किती उरलंय, कुणाचं आहे आणि कसं उरलंय, या तिन्हीवर भाव ठरतो.

"कसं उरलंय" यावर सगळ्यात जास्त पैसा वर-खाली होतो. इथं कार्डं तपासून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून १ ते १० नंबर देणाऱ्या कंपन्या आहेत (यालाच ग्रेडिंग म्हणतात), पीएसए आणि एसजीसी या त्यातल्या नावाजलेल्या. ते चार कोपरे बघतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात, आणि फोटोभोवतीची पांढरी बॉर्डर डावी-उजवी वर-खाली सारखी आहे का ते बघतात. तुमचं १९८० चं हेंडरसन घ्या. चोरून बेस घेण्यात, म्हणजे फटका बसलेला नसताना पळून पुढचा टप्पा गाठण्यात, त्याच्या जवळपास कुणी नाही, १४०६ वेळा, आणि ते त्याचं पहिलं कार्ड. दिसायला नवंकोरं असेल तुमच्याकडं, पण त्या वर्षीची छपाई अशी होती की १० नंबर फार थोड्यांना मिळालाय, आणि ९ आणि १० मधला फरक म्हणजे एखाद्या महिन्याचा पगार आणि एखादं घर इतका असू शकतो. म्हणून ते खिडकीच्या उजेडात भिंगाखाली बघा. कोपऱ्याला पांढरं तुसभर दिसलं की ते ७-८ चं कार्ड समजायचं, मग त्याला तपासायला पाठवायचा खर्च पण करू नका. प्रत्येक कार्डाला फी लागते, कार्ड महाग असेल तर ती पण चढते, वर जाण्या-येण्याचा विमा.

उजेडात बघून प्रत्येकाच्या पुढून आणि मागून काय दिसतं ते लिहा, मग एकेकाचं सांगते. आणि वहीत लिहा, कार्डावर काही नाही.

विश्रामबागकर :

ताई किती लिहिलंत, धन्यवाद. आधी वॅगनर. पोरानं पट्टी लावली, अडीच बाय साडेतीन. मागं कोपऱ्यात बारीक अक्षरात नक्कल असल्याचं छापलेलं पण निघालं, आम्ही आधी वाचलंच नव्हतं. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या मला माहीत होतं, ते त्यांनी जत्रेतनं घेतलेलं.

बाकीचं सकाळी गच्चीच्या दारात बसून बघितलं. ऐरन : कोपरे थोडे मऊ झालेत पण घडी कुठंच नाही, रंग लखलखीत, मागं स्वच्छ. मँटल : घडी आहेच, वरनं बोट फिरवलं तर कागद उचललेला लागतो. रायन : फोटो डावीकडं सरकलाय, डावी बॉर्डर दोऱ्याएवढी, उजवी जाड, बाकी छान. त्याच्यावर दुसऱ्या एका खेळाडूचा पण फोटो आहे, ते बरोबर आहे का? ब्रेट दोन्ही बरी, एकाच्या कडेला रबरबँडची खाच. हेंडरसनच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना तुम्ही म्हणता ते तुसभर पांढरं आहे. श्मिट साधारण.

आणि क्लेमेंटे. कोपरे गोल झालेत, आणि मागं काकांच्या अक्षरात पेन्सिलनं मराठीत लिहिलंय, "नेवार्क, मार्च ७८, ४ डॉ." बाकी कुठल्याच कार्डावर त्यांनी लिहिलेलं नाही, यावरच का लिहिलं काय माहीत. हे खोडरबरानं हळूच खोडलं तर चालेल का? पेन्सिल अगदी फिकी आहे.

शिवराई_सातारा :

खोडू नका!! मधेच बोलतो, माफ करा, पण हे वाचून राहवलं नाही. मी तीसेक वर्षं नाणी जमवतोय, शिवराई जास्त करून. कॉलेजला असताना वाईच्या बाजारात एका मोडवाल्याकडून मूठभर शिवराया घेतल्या, त्यात एक अशी होती की एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" सगळी अक्षरं सलग वाचता येत होती. तांब्यावर तो काळपट हिरवा थर होता. घरी आलो, चिंच लावली, राखेनं घासली, नवीन भांड्यासारखी चकाकली आणि मी आनंदानं पुण्याला एका जुन्या संग्राहकांना दाखवायला नेली. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटी केली, परत माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, तीनशे वर्षं टिकलेलं तुम्ही एका दुपारी काढून टाकलंत. ती अजून माझ्याकडं आहे, घासलेल्या बारीक रेघा भिंगाशिवाय दिसतात. नंतर मी एकाही नाण्याला पाणीसुद्धा लावलेलं नाही.

कार्ड म्हणजे तर कागद. खोडलं की तंतू उठणार, चकाकी जाणार, आणि तपासणारा ते पहिल्या नजरेत ओळखणार. काकांचं लिहिणं हा एक डाग, खोडणं हा त्याच्यावरचा दुसरा.

मिरजकर७ :

माझं मत जरा वेगळं. कागद आहे तो, आज आहे उद्या वाळवी लागली की गेला. अमेरिकेतल्या खेळातली माणसं, आपल्याकडं त्याला कोण विचारतंय? काकूंचं ऑपरेशन महत्त्वाचं. सगळं एकदम एका चांगल्या लिलावाला द्या, येतील ते पैसे एफडी करा आणि मोकळे व्हा. पुढं भाव वाढेल याची वाट बघत बसायचं वय काकूंचं नाही.

सातारची_न्यूजर्सीत :

मिरजकर, वयाचा मुद्दा मला पटतो आणि त्यावरच येणार आहे. पण एकदम सगळं नको, लॉटमध्ये श्मिट आणि ब्रेट ऐरनच्या सावलीत फुकट जातात. शिवाय मागच्या तेजीचं मी डोळ्यांनी बघितलंय. करोनात सगळे घरी बसले आणि २०२०-२१ मध्ये कार्डांचे भाव असे चढले की पीएसएकडं ढिगानं कार्डं येऊन पडली आणि मार्च २०२१ च्या शेवटी त्यांनी बऱ्याचशा सेवांसाठी नवी कार्डं घेणंच थांबवलं. तेव्हा माझ्या मुलाच्या मित्रानं चालू खेळाडूंची चमचमीत कार्डं कर्ज काढून घेतली, वर्षा-दीड वर्षात निम्म्यानंही विकली गेली नाहीत. जुन्या, खेळून संपलेल्या, कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर बेसबॉलपटूंच्या मानाच्या यादीत) जाऊन बसलेल्या खेळाडूंची कार्डं पण खाली आली पण त्यांना तळ होता, कारण ऐरन आता पुढच्या सीझनला वाईट खेळून भाव पाडू शकत नाही. तुमच्या खोक्यात सगळी हीच माणसं आहेत हे तुमच्या काकांचं शहाणपण, त्यांना खेळ कळला होता.

विश्रामबागकर, आता एकेक.

हँक ऐरन १९५४ हे त्याचं पहिलं कार्ड. ७५५ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके), आधीचा विक्रम असलेल्या बेब रूथचे ७१४ त्यानं ८ एप्रिल १९७४ ला मागं टाकले, आणि ते जवळ येत होते तेव्हा काळा माणूस म्हणून त्याला धमकीची पत्रं पोत्यानं येत होती. या कार्डाला इथं कधीही गिऱ्हाईक मिळतं. घडी नाही, मागं स्वच्छ, म्हणजे खोक्यातलं सगळ्यात किमती बहुतेक हेच. आणि माझं म्हणणं असं की पहिलं हेच विका. लोक उलटं करतात, भारी ते ठेवतात आणि वीस-तीस डॉलरची पन्नास कार्डं विकत बसतात, प्रत्येकाला पोस्ट, प्रत्येकाला फी, प्रत्येकाला भांडण. तुम्हाला एका कामासाठी एकरकमी पैसे हवेत, तर एक कार्ड, एक ग्रेडिंग, एक लिलाव. गुडघ्यांचा बराचसा भार ते एकटं उचलेल असं मला वाटतंय, पण नंबर हातात येईपर्यंत काकूंना आकडा सांगू नका.

मँटल १९५६ विका. घडी पडलेलं मँटल पण खपतं, त्याच्या न्यूयॉर्क यँकीज संघाचे चाहते आयुष्यभर त्याचं एक तरी कार्ड शोधत असतात, ज्यांना चांगलं परवडत नाही ते घडीचं घेतात. पण वाढायचं म्हणून ठेवलं तर घडीचं कार्ड रांगेत मागंच राहतं. घडी इस्त्रीनं किंवा पुस्तकाखाली दाबून घालवायचा प्रयत्न कुणी सुचवला तर ऐकू नका, तसलं करून पाठवलं की नंबरच देत नाहीत.

रायन बरोबर आहे, १९६८ चं ते कार्ड दोघांचंच आहे, दुसरा जेरी कूझमन, दोघंही न्यूयॉर्क मेट्स संघाचे नवखे. रायननं पुढं ५७१४ स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद केले, ते आजही कुणाला गाठता आलेलं नाही. फोटो सरकल्यानं नंबर कमी येईल, पण हे कार्ड सरकलेलंच जास्त मिळतं, त्यामुळं घेणारे तेवढं धरून चालतात. हे ऐरनबरोबरच पाठवा म्हणजे वाहतूक एकदाच.

ठेवायचं म्हणाल तर बिनखाचेचं ब्रेट आणि श्मिट ठेवा. आत्ता विकून हातात फारसं येणार नाही, आणि ती चांगल्या खेळाडूंची आहेत, जागा नखभर लागते. खाचेचं ब्रेट आणि हेंडरसन न तपासता इबेवर टाकता येतील, तिथं साधारण तेरा टक्के त्यांचे जातात ते हिशोबात धरा. तुमच्याकडून इथं कोण येणार असेल तर हँडबॅगेतनं पाठवा, कस्टम्सला काय आहे ते खरं सांगायचं, कागद बरोबर ठेवायचे. वारसानं आलेल्या वस्तूवर आपल्याकडं टॅक्स नाही पण विकून आलेल्या पैशाचं आणि ते पैसे काकूंच्या खात्यावर कसे आणायचे याचं तुमच्या सीएला आधी विचारा, नंतर नको.

क्लेमेंटेबद्दल मला लिहायला जड जातंय. १९५५ चं ते त्याचं पहिलं कार्ड, एरवी मी ऐरनच्या खालोखाल धरलं असतं. पेन्सिलमुळं नंबर उतरतो, लेबलवर तशी नोंदही येऊ शकते. तरी बऱ्यापैकी पैसे येतील. पण तुम्ही म्हणालात की याच एकावर लिहिलंय, तर विकायच्या आधी काकूंना एकदा विचारा का ते.

विश्रामबागकर :

विचारलं. काल रात्री जेवणं झाल्यावर कार्ड काकूंच्या हातात दिलं. चष्मा लावून मागचं अक्षर बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, कोयनेचा भूकंप झाला डिसेंबर ६७ ला, तेव्हा काका कॉलेजला होते, दहा-बारा पोरं ट्रकमधनं घोंगडी आणि पिठाची पोती घेऊन कोयनानगरला गेली होती, आठ दिवस तिथंच होती. त्याबद्दल काका घरात कधी बोलायचे नाहीत. पुढं अमेरिकेत गेल्यावर १९७३ च्या नववर्षाच्या दिवशी बातमी आली की निकाराग्वात भूकंप झालाय आणि तिथल्या लोकांना सामान घेऊन निघालेला एक बेसबॉलवाला विमानासकट समुद्रात पडला. तोच हा क्लेमेंटे. त्या सीझनच्या शेवटीच त्याचे बरोबर तीन हजार हिट (बेस मिळवून देणारे फटके) झाले होते. काकांनी त्याला कधी खेळताना बघितलं नव्हतं पण त्याचं पहिलं कार्ड पाहिजे म्हणून काही वर्षं शोधत होते. न्यूजर्सीतल्या नेवार्कला रस्त्यावरच्या विक्रीत सापडलं त्या दिवशी काकू बरोबर होत्या. चार डॉलर म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या भाजीतले पैसे, काकू रागावल्या होत्या. मग काकांनी घरी येऊन त्यांच्यासमोर बसून मागं लिहिलं, म्हणाले हिशोब लिहून ठेवलाय, कधी परत मागितलेस तर देईन.

तर हे जाणार नाही. ऐरन, मँटल, रायन पाठवतो. मामेबहिणीची मुलगी फेब्रुवारीत न्यूजर्सीतल्या एडिसनला जाणार आहे, तिच्याकडं देतो, ताई तुम्ही म्हणता तसं. कोल्हापूरवाल्यांना आज फोन करून नाही म्हणून सांगितलं, त्यांनी लगेच साठ हजार केले, तेव्हा तासगावच्या दादांची आठवण आली.

आता दोन बारक्या शंका. एक, काकूंना ते कार्ड ज्ञानेश्वरीत ठेवायचंय, पोथी रोज उघडतात, चालेल का? आणि बाकीची पावसाळ्यात कशी जपायची?

शिवराई_सातारा :

पोथीत नुसतं ठेवू नका, जुन्या कागदाची आम्लता लागते आणि रोज उघडताना कोपरा दुमडायचा. आधी पातळ स्लीव्ह, मग कडक प्लॅस्टिकचं होल्डर, मग पोथीशेजारी ठेवा. स्लीव्ह घेताना वास घेऊन बघा, नवीन रेनकोटसारखा उग्र वास आला तर तो पीव्हीसी आहे, घेऊ नका, माझी काही नाणी त्यानं चिकट हिरवी झालीत. डांबरगोळ्या काढून टाका. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून वरच्या मजल्यावर आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा, बाथरूमच्या भिंतीला नको. पुड्या जूनच्या आधी बदला, आणि पाणी आयर्विन पुलापाशी चढायला लागलं की डबा पहिला उचलायचा एवढं घरात एकाला सांगून ठेवा.

सातारची_न्यूजर्सीत :

बरं झालं विचारलंत. काकूंना माझा नमस्कार सांगा. पोरीकडं देताना प्रत्येक कार्ड स्लीव्हमध्ये, मग होल्डरमध्ये, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, आणि चिकटपट्टी होल्डरला लावा, कार्डाच्या जवळपास नको. निघायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, फ्लॅश बंद, सकाळी खिडकीजवळ, मोबाईल बरोबर वरनं धरून, चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. ती पोचली की मला निरोप करा, शनिवारी मी आणि मुलगा येऊन तिला ग्रेडिंगचा फॉर्म भरून देतो.